वस्तूबरोबर तिची चिठ्ठीही द्या: पणजीतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानदारांना खुलं पत्र

पणजीत मळा, फोंतेन्हास आणि सांतोमे या भागांत जुन्या वस्तूंची आणि हातांनी घडवलेल्या मालाची दुकानं चालवणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बरेच जण मला चेहऱ्याने ओळखता. शनिवारी सकाळी पाटोच्या पुलावरून चालत येणारी, हातात कापडी पिशवी असलेली आणि दुकानात शिरल्यावर आधी विचारून मग खुर्ची उलटी करून खालून बघणारी बाई म्हणजे मी. माझं लहानपण मळ्यात गेलं. वडील पणजीच्या जुन्या बाजारात एका किराणा दुकानात हिशेब लिहायचे. माझी स्वतःची नोकरीची वर्षं बँकेत गेली. आता निवृत्त आहे आणि पाय चालतात तोवर फिरते आहे.

हे पत्र लिहायला कारण झाली एक चौकट.

गेल्या पावसाळ्यात तुमच्यातल्याच एका दुकानात भिंतीवर काचेत बसवलेला एक कागद दिसला. पिवळसर, कडा कसरीने खाल्लेल्या, करड्या पडलेल्या शाईत ओळींखाली ओळी. खाली छोटं लेबल होतं, ‘पोर्तुगीज काळातलं हस्ताक्षर’. किंमत १,८०० रुपये. शेजारी तशाच आणखी पाच चौकटी. दुकानातली मुलगी कौतुकाने म्हणाली, "कॅफेवाले घेऊन जातात मॅडम, भिंतीला छान दिसतं." मी जवळ गेले आणि पोटात कालवलं. कागद उलटा लावला होता.

ती मोडी लिपी होती. मोडी लिहिताना आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढून घेतात. मग अक्षरं त्या रेघेला खालून लटकत जातात, हात फारसा न उचलता. कागद उलटा धरला की तीच अक्षरं रेघेवर उभी असल्यासारखी दिसतात, शाळेच्या वहीतल्या इंग्रजीसारखी. म्हणून ज्याने चौकट केली त्याला तेच सुलट वाटलं. त्याचा दोष मी धरत नाही. मोडी आज येते किती जणांना? मीही निवृत्तीनंतरच शिकले आणि अजून अडखळत वाचते. पण ज्या वहीतून ती पानं काढली होती ती वही काउंटरच्या मागे पडलेली मला दिसली. दाखवाल का, म्हटलं. त्यांनी दिली.

लाल खारव्याच्या बांधणीची, उभट, मधोमध दोऱ्याने शिवलेली वही. पहिल्या पानावर कुंकवाचा सुकलेला डाग. त्याखाली बाळबोध अक्षरात ‘श्री’, मग ‘श्री शांतादुर्गा प्रसन्न’, आणि ‘शके १८७९, कार्तिक शुद्ध प्रतिपदा’. म्हणजे १९५७ सालचा दिवाळीचा पाडवा. कुणीतरी त्या दिवशी वहीपूजन करून, गूळ-खोबरं वाटून ही खतावणी, म्हणजे गिऱ्हाइकांच्या खात्यांची वही, उघडली होती. आतली मधली-मधली पानं ब्लेडने कापलेली. कापलेल्या पानांच्या पट्ट्या शिवणीला तशाच चिकटून होत्या, बोटभर रुंद.

उरलेली पानं मी तिथेच उभी राहून तासभर वाचली. दुकानातल्या मुलीने मला स्टूल दिलं, त्याबद्दल तिचे आभार.

ताळगावच्या एका गिऱ्हाइकाचं खातं होतं. गूळ, घासलेट, खोबरेल, उडीद, बटाटे. सुरुवातीला रकमा रुपये आणि टंग्यांत आहेत. गोव्यातल्या तेव्हाच्या एका रुपयाचे सोळा टंगे. थोडं पुढे गेलं की आकडे एकदम फुगतात. पहिल्यांदा वाटलं, बिचाऱ्याची उधारी वाढली. तसं नव्हतं. १९५८-५९ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने गोव्यातला रुपया काढून एस्कुदो आणला, एका रुपयाला सहा एस्कुदो या हिशेबाने. लिहिणाऱ्याने जुनी बाकी खाली ओढली आहे, समासात बारीक अक्षरात सहाने गुणली आहे आणि नवी बाकी मांडून पुढे चालू. मग १९६२ येतं आणि बाकी पुन्हा बदलते. आता ती भारतीय रुपये आणि नव्या पैशांत आहे. पुन्हा समासात तोच बारीक हिशेब. पाच वर्षांत तीन चलनं, गिऱ्हाईक तेच, लिहिणारा हात तोच. १९ डिसेंबर १९६१ हा गोवा मुक्तीचा दिवस त्या वहीत कुठेही लिहिलेला नाही. त्या आठवड्यात नोंदीच नाहीत. नंतरची पहिली नोंद तांदळाची आहे, पाच पायल्या.

बटाट्यांच्या नोंदीपाशी मी बराच वेळ थांबले. १९५५ च्या सुमारास भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा घाटावरून येणारा माल थांबला. मग पणजीच्या बाजारात हॉलंडचे बटाटे आले, पाकिस्तानचा तांदूळ आला, सिलोनचा चहा आला. वडील सांगायचे, हॉलंडचा बटाटा सगळा एका मापाचा असायचा, त्यामुळे गिऱ्हाईक निवडत बसायचं नाही. ताळगावच्या त्या घरात १९५८ साली पातळभाजीत हॉलंडचा बटाटा शिजत होता, हे मला त्या दिवशी तुमच्या दुकानात उभं राहून कळलं. इतिहासाच्या जाड पुस्तकात नाकेबंदीचं अख्खं प्रकरण असेल, पण त्यात ‘बटाटे २ शेर, उधार’ असं नसतं.

मी मालकांना विचारलं, वही कुठून आली? ते भल्या मनाचे गृहस्थ आहेत, त्यांनी काही लपवलं नाही. "लॉटांत आयली बाय, कपाटावांगडा." कपाट कुठून आलं? एकाने टेम्पोतून आणून दिलं. त्याने कुठून उचललं? ते कुणी विचारलंच नव्हतं.

तर माझी तुम्हा सर्वांना एकच विनंती आहे. तुमच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक जुन्या वस्तूला एक चिठ्ठी बांधा आणि वस्तू विकताना ती चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या हातात द्या. कुठल्या गावातून आली, राहत्या घरातून की दुकानातून की चॅपेलमधून, कुठल्या साली तुमच्याकडे आली, तिच्याबरोबर आणखी काय आलं होतं. चार ओळी पुरेत. घराचं नाव सांगायला घरचे लोक तयार नसतील तर गाव लिहा, वाडा लिहा. मराठीत लिहा, कोंकणीत लिहा, इंग्रजीत लिहा, पण लिहा.

ही विनंती दुसऱ्यांना करण्याआधी माझ्या घरचं सांगायला हवं. वडील ज्या दुकानात लिहायचे ते दुकान बंद झालं तेव्हा मालकांनी त्यांना त्यांची लिहायची पेटी देऊन टाकली. उतरत्या झाकणाची शिसवी पेटी. मांडी घालून बसायचं, पेटी पुढ्यात ओढायची आणि झाकणावर वही टेकवून लिहायचं. झाकणाच्या वरच्या कडेला दौतीसाठी खळगा होता, त्याच्याभोवती शाई मुरून लाकूड काळंभोर झालेलं. वडील गेल्यावर आम्ही मळ्यातलं भाड्याचं घर सोडून फ्लॅटमध्ये गेलो. जागा नव्हती. भावाने आणि मी ती पेटी भंगारवाल्याला दिली, साठ रुपयांना, जुन्या पत्र्याच्या ट्रंकेबरोबर. आतला कप्पा उघडूनही पाहिला नाही. त्यात त्यांचे टाक होते, कदाचित कागदही असतील. आज तुमच्या दुकानात तशी पेटी दिसली की मी आधी दौतीचा खळगा बघते आणि मग कप्पा उघडते. बऱ्याच पेट्या उघडून झाल्या. समजा एखादे दिवशी ती समोर आलीच, तरी ती तीच हे मी कशावरून ओळखणार? तिच्यावर काही लिहिलेलंच नाही. एवढी साधी गोष्ट आम्ही केली नाही, म्हणून तुमच्याकडे मागते आहे.

तुम्ही ज्या वस्तीत दुकानं थाटली आहेत तिथे कुठून काय आलं याची आठवण जपायची रीत जुनीच आहे. फोंतेन्हास हे नाव आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्यावरून आलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस मोझांबिकमध्ये पैसा करून परतलेल्या एका गोंयकाराने ही वस्ती उभी केली, आणि लोक त्याला मोसमीकर म्हणायचे, म्हणजे माणसाच्याही गळ्यात त्याच्या प्रवासाची पाटी. १८१८ सालच्या सेंट सेबॅस्टियन चॅपेलमधला क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला, हे इथल्या पोराटोरांना माहीत असतं. पणजीच्या मोठ्या चर्चच्या पायऱ्यांवरून जी मोठी घंटा दिसते ती १८७१ मध्ये तिथे चढवली. ती मूळची जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्यातली. तो मनोरा आता अर्धा कोसळलेला आहे, पण पणजीत घंटा वाजली की जाणत्याला मनोरा आठवतो. ही माहिती पुसली गेली असती तर ती नुसती एक जड घंटा राहिली असती.

तुमच्या दुकानांवर माझा जीव आहे, म्हणून हे इतकं लांबण लावून सांगते आहे. रुआ द औरेमच्या कडेने खाडीचा वास घेत यायचं आणि ३१ जानेवारी रस्त्याला वळायचं. बेकरीतून गरम उंड्यांचा, म्हणजे गोल पावांचा, वास येतो. एका दारात फिलिप्सचा व्हॉल्व्हचा रेडिओ, पुढच्या दारात इनॅमलच्या ताटल्या, लोंबत्या दिव्यांच्या दुधी काचा, कुणाच्या तरी लग्नातलं चिनी मातीचं सूप वाढायचं भांडं, शिंपल्यांच्या खिडकीची एकच झडप. दुपारी दोनला सगळं बंद, आणि चारला कुलपं पुन्हा उघडल्याचे आवाज गल्लीभर. मॉलमध्ये एकाच वस्तूचे पन्नास नग असतात. तुमच्याकडे प्रत्येक वस्तू एकटी असते. मुंबईच्या चोर बाजारातही मी हिंडले आहे, पण तिथला माल देशभरातून येतो. तुमचा बराचसा माल आजूबाजूच्या तालुक्यांतल्या घरांतून येतो, दोन-तीन तासांच्या अंतरावरून. म्हणजे तो कुठून आला हे विचारणं तुम्हालाच सगळ्यांत सोपं आहे.

तुमच्या लेबलांवर सगळ्यात जास्त दिसणारा शब्द ‘पोर्तुगीज’. पोर्तुगीज खुर्ची, पोर्तुगीज पलंग, पोर्तुगीज दिवा, पोर्तुगीज वही. हा शब्द विकला जातो, हे मी समजू शकते. पण त्या एका शब्दाखाली इतकी माणसं गाडली जातात की मला गप्प बसवत नाही. मी खुर्च्या उलट्या का करते ते सांगते. दोन वर्षांपूर्वी एका दुकानात वेताच्या बैठकीची, कोरीव पाठीची एक शिसवी खुर्ची होती. उलटी केली, तर बैठकीच्या चौकटीच्या आतल्या बाजूला पटाशीने कोरलेला ‘३’ होता, आणि त्याला भिडणाऱ्या पायावरही ‘३’. देवनागरी तीन. कुठला पाय कुठल्या सांध्यात बसवायचा याची ती मेस्ताने, म्हणजे सुताराने, स्वतःसाठी केलेली खूण. नक्षी लिस्बनच्या वळणाची असेल, लाकूड मलबारचं असेल, पण ज्या हाताने ती खुर्ची घडवली तो देवनागरीत मोजत होता. तिच्या लेबलावर ‘पोर्तुगीज’ लिहिण्याआधी तिला एकदा उलटी करून बघायला काय हरकत आहे?

निळ्या-पांढऱ्या रंगीत फरशांचंही तेच. पणजीच्या मिनेझेस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशातल्या भिंतींवरच्या फरशा १९३५ साली जॉर्जे कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराने रंगवल्या, त्या खऱ्या अर्थाने तिकडच्या. फोंतेन्हासमधल्या घरांच्या आणि रस्त्यांच्या नावांच्या बहुतेक पाट्या अलीकडच्या, इथेच रंगवून इथल्याच भट्टीत भाजलेल्या. त्या खोट्या नाहीत. उलट, गोव्यात आज हे काम करणारे हात आहेत ही अभिमानाने लिहायची गोष्ट आहे. कुंकळ्ळीच्या चितारी लोकांनी लाखेच्या रंगात घडवलेला पाळणा किंवा पाट कुणी ‘कलोनियल’ म्हणून विकतं तेव्हा तर वाईटच वाटतं. कुंकळ्ळी हा शब्द लिहायला कितीशी जागा लागते? जुन्या कौलाचं बघा. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि तेव्हापासून त्या कौलांच्या अंगावरच कारखान्याचा ठसा येतो. शंभर वर्षं पाऊस खाल्लेलं कौल हातात घेतलं तरी ते आपला पत्ता सांगतं. मातीच्या कौलाला जे जमलं ते शिसवी कपाटाच्या वाट्याला का येऊ नये?

या वस्तू बाजारात येतात कशा, हे तुम्ही माझ्याहून जवळून पाहता. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या वारसा कायद्यामुळे मुलगा-मुलगी सगळ्यांना समान वाटा. न्यायाचीच गोष्ट आहे ती. पण तीन पिढ्या उलटल्या की एका घराचे तीस-चाळीस वाटेकरी होतात, त्यातले निम्मे मुंबईत, काही आखातात, काही लिस्बनला. इन्व्हेंटरीचा दावा लागतो, घरातली चीजवस्तू यादीवर चढते आणि मग वाटणी. बारा खुर्च्यांचा संच असेल तर सहा, तीन, तीन. जेवणाचं टेबल एकाकडे, त्याच्या खुर्च्या दुसरीकडे. तुमच्या दुकानात एकट्या खुर्च्या इतक्या का दिसतात याचं मला सापडलेलं उत्तर हे आहे. म्हणूनच चिठ्ठीवर ‘बरोबर आणखी काय होतं’ ही ओळ हवी. आज मडगावात असलेल्या तीन खुर्च्या आणि पणजीतल्या तीन खुर्च्या एकाच ओसरीवरच्या होत्या, हे पुढेमागे कुणाला तरी जुळवता येईल. संच मोडू नका असं म्हणायचा मला अधिकार नाही, पोट सगळ्यांना आहे. पण तो कुठे मोडला याची नोंद राहू द्या.

वही मात्र मोडू नका. हे मी आग्रहाने सांगते. खुर्ची एकटीसुद्धा खुर्ची असते. खतावणीचं सुटं पान हे काहीच नसतं. एका पानावरची बाकी पुढच्या पानावर ओढलेली असते, ते पान गेलं की मागचंही मुकं होतं. चौकटीत घालून विकलेल्या एका पानाचे १,८०० येतात, शंभर पानांचे किती होतील हा हिशेब मलाही येतो. पण अख्खी वही वाचून, तिच्यात काय आहे हे लिहून जर तुम्ही विकलीत तर तिला घेणारा वेगळ्या जातीचा असेल, आणि तो भाव करताना कमी पाडणार नाही. कॅफेच्या भिंतीलाच काही हवं असेल तर पानाचा चांगला फोटो काढून त्याची छपाई विका. सुलट.

कायद्याचंही एक आहे. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेली वस्तू पुराणवस्तू ठरते. ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांना आणि दस्तऐवजांना मात्र पंचाहत्तर वर्षंच पुरतात. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. तुमच्याकडचा बहुतेक माल याहून अलीकडचा आहे, हे मी जाणते. पण उद्या कुणी विचारलं की ही वस्तू किती जुनी आणि कुणाकडून घेतली, तर तुमच्या बाजूने बोलायला ती चिठ्ठीच उभी राहणार आहे. आणि मी सांगितलेल्या त्या वहीला पंचाहत्तर व्हायला फार वर्षं उरलेली नाहीत.

तुम्ही म्हणाल, माल आणणारा सांगत नाही. खरं आहे, काही जण मुद्दाम सांगत नाहीत, कारण पुढच्या खेपेला तुम्ही थेट त्या घरी जाल ही भीती. पण विचारत राहिलं की सांगणारे भेटतात. टेम्पोवाल्याला गाव सांगायला कमीपणा नसतो. आणि ज्या वस्तूचा पत्ता तो अजिबात सांगायला तयार नाही, विशेषतः देवघरातल्या किंवा चॅपेलमधल्या मूर्तीचा, ती घ्यायची की नाही याचा विचार तुम्ही कराच. तुम्ही म्हणाल, वेळ नाही. पावसाळ्यात जून ते ऑगस्ट दुकानात माशी नसते. दरसाल तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आपल्याकडे, तेव्हा तुम्ही कपाटं उघडून कापूर आणि कडुनिंब घालत बसताच. त्याच वेळी बसल्या बसल्या चिठ्ठ्या होतात.

हे होऊ शकतं याची उदाहरणं आपल्याच मातीत आहेत. बाणावलीत व्हिक्टर ह्यूगो गोमिश यांनी गोवा चित्र हे संग्रहालय उभं केलं. नांगर, घाणा, पाटे-वरवंटे, मापं अशा चार हजारांहून अधिक वस्तू त्यांनी जमवल्या. लोक ज्या वस्तू अडगळ म्हणून काढून टाकत होते, त्यांची नावं आणि वापर त्यांनी म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घेतले. कुणबी साडीचं बघा. लाल चौकड्यांचं ते जाडं लुगडं शेतात राबणाऱ्या बायकांच्या अंगावरून जवळजवळ नाहीसं झालं होतं. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ते पुन्हा मागावर आणलं आणि ‘कुणबी’ हे नाव ठेवूनच जगापुढे नेलं. आज तुमच्यातल्या काही दुकानांत त्या कापडाच्या पिशव्या आणि उशांचे अभ्रे मिळतात, त्यावर ‘कुणबी’ असं लिहिलेलं असतं आणि त्या नावासकट ते विकलं जातं. नाव सांगितल्याने माल पडून राहिला असं कुठे झालं?

आणखी एक माणूस मला आठवतो. आमच्या लहानपणी मळ्याच्या कोपऱ्यावर एक घड्याळजी बसायचे, हातभर रुंदीच्या दुकानात, डोळ्याला भिंग लावून. वडिलांचं मनगटी घड्याळ दुरुस्तीला दिलं की मागचं झाकण उघडून ते आतल्या बाजूला सुईसारख्या टोकाने काहीतरी कोरायचे. मी एकदा विचारलं तर त्यांनी भिंग माझ्या डोळ्याला लावलं. झाकणाच्या आत आकड्यांची गर्दी होती, प्रत्येक दुरुस्तीची तारीख, त्यातली काही त्यांच्या वडिलांनी कोरलेली, काही मुंबईच्या कुणा कारागिराने. "पुढच्याला कळायला हवं ना, आधी कोणी हात लावला," म्हणाले. ते घड्याळ माझ्याकडे आहे. घड्याळजी नाहीत, दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. झाकण उघडलं की तारखा आहेत.

मी काय करू शकते तेही लिहिते. तुमच्याकडे मराठी किंवा मोडीतलं काहीही आलं, वही, पावती, पत्र, देवस्थानचा कागद, खोक्याच्या तळाशी चिकटवलेलं वर्तमानपत्र, तर मला बोलवा. मी दुकानात बसून वाचून देईन, त्यात काय आहे ते एका पानावर लिहून देईन. पैसे नकोत, एक चहा चालेल. मोडीत जिथे मी अडेन तिथे माझ्याहून जाणते लोक आहेत, त्यांना विचारेन. कुणाला चिठ्ठ्यांचा नमुना हवा असेल तर तोही करून आणते. चार दुकानांनी सुरुवात केली तरी पुढच्या पावसाळ्यापर्यंत काहीशे वस्तूंना पत्ता मिळेल.

त्या वहीबद्दल शेवटचं. मालकांनी माझं ऐकलं. उरलेली पानं आता कापणार नाहीत आणि माझं वाचून होईपर्यंत विकणारही नाहीत असं त्यांनी मला सांगितलं आहे. दर शनिवारी मी तिथे जाऊन उतरवून घेते. आतापर्यंत एकोणीस पानं झाली. ताळगावच्या गिऱ्हाइकाचं खातं १९६२ च्या श्रावणापर्यंत येतं. बाकी सात रुपये बावीस नये पैसे. त्याखाली लिहिलं आहे, ‘पुढे पान ८७ पाहावे’. पान ८७ कापलेल्यांत आहे. ते खातं बेबाक झालं, म्हणजे उधारी फिटली, की नाही, ते त्या पानावर असणार.

तुमच्यापैकी कुणाच्या दुकानात, किंवा तुमच्याकडून नेलेल्या कुणाच्या भिंतीवर तशी चौकट असेल तर एवढं बघा. आकडा पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात आहे. चौकट उलटी लावली असेल तर तो खालच्या डाव्या कोपऱ्यात दिसेल.

आपली,
मळ्यात वाढलेली एक पणजीकर